हळदीच्या रात्रीचा हशा कापू नका

घणसोलीच्या आमच्या गावठाणात सध्या एका फिल्मवरून वाद पेटलाय. पुतणी माहितीपट करतेय, विषय हळदीची रात्र. मांडवात धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणाऱ्या धवलारणी, बाहेर बेंजोवाले, आणि दोघांच्या मधल्या वेळात उभा राहून अख्ख्या वऱ्हाडाच्या नकला करणारा गावातलाच एक नकलाकार. या तिघांना तिने एका फिल्ममध्ये घ्यायचं ठरवलं आणि घरच्या ग्रुपवर दोन तट पडले.

थोरल्या काकांचं म्हणणं असं, की आगरी लग्नात विधी धवलारीण लावते, धवल्यातून देवांना बोलावणं जातं. त्याच्या शेजारी हसणं-खिदळणं दाखवलं तर त्याचा मान जातो. वहिनीची भीती वेगळी आहे. मार्च २०२५ मध्ये खारच्या हॅबिटॅट स्टुडिओतल्या एका विडंबनगीताचा व्हिडिओ आला आणि त्या जागेची तोडफोड झाली. गाण्याचा रोख ठाण्याच्या राजकारणाकडे होता, म्हणजे आपल्याच अंगणाकडे. "नकलाकार पुढाऱ्याची नक्कल करतो, तेवढी काढून टाक," असं ती लेकीला रोज सांगते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तिला तिथे राहायचंय.

मी राहते अमेरिकेत, लाँग बीचला. इथून लॉस एंजेलिसला जाणारी मेट्रो वॉट्स या वस्तीतून जाते. ऑगस्ट १९६५ मध्ये पोलिसांनी रस्त्यात एका काळ्या तरुणाची गाडी अडवली, त्यावरून वॉट्समध्ये दंगल उसळली आणि सहा दिवसांत ३४ माणसं मेली. सात वर्षांनी, २० ऑगस्ट १९७२ ला, त्या दंगलीच्या आठवणीत मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीने लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात दिवसभराचा जलसा केला. तिकीट एक डॉलर, आणि लाखावर माणूस. त्यावर मेल स्टुअर्ट यांनी केलेला ‘वॉटस्टॅक्स’ हा माहितीपट १९७३ साली आला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमचा मांडव आठवला, आणि तो का आठवला हे पुतणीला नीट समजावून सांगायला हवं.

त्यात गाणं चालू असतं, मग कॅमेरा मैदान सोडून वस्तीत जातो. माणसं पोलिसांबद्दल, प्रेमाबद्दल, कामधंद्याबद्दल बोलतात. आणि मध्ये मध्ये रिचर्ड प्रायर हा विनोदी नट बारमध्ये बसून बोलत राहतो. तमाशात गण आणि गवळण झाली की बतावणी येते, सोंगाड्या दोन शब्द बोलतो आणि गवळणीत न मावलेलं सगळं उघडं पडतं. प्रायरचं काम तेच आहे. पोलीस काळ्या माणसाला कसं वागवतात हे तो हसवत सांगतो, आणि त्यानंतर जे गाणं येतं ते आधीच्यासारखं ऐकू येत नाही. त्याला कापलं असतं तर हाती एक चांगला गाण्यांचा कार्यक्रम राहिला असता, वॉट्स राहिलं नसतं.

दुसरी जागा तर मी पुन्हा पुन्हा पाहते. रुफस थॉमस गात असताना लोक कुंपण ओलांडून मैदानात उतरतात आणि नाचायला लागतात. एवढा जमाव हातातून जायला वेळ लागत नाही. थॉमस माइकवरून त्यांची थट्टा करत, लाडीगोडी लावत सगळ्यांना परत जागेवर पाठवतो. काठी न उगारता. विनोद आला की गंभीर गोष्टीचा मान जातो, असं म्हणणाऱ्या काकांनी ही पाच मिनिटं पाहावीत, ही माझी मनापासून विनंती.

आपल्या धवलारणी तरी कुठे वेगळ्या होत्या? माझ्या लग्नात धवला मध्येच थांबवून म्हातारीने नवऱ्याच्या मामाला त्याच्या कंजूषपणावरून असं काही ऐकवलं होतं, की तो स्वतःच पोट धरून हसला. मग तिने पुढची ओळ त्याच सुरात उचलली. देव रागावले नाहीत.

आणि आपल्याकडे सांगण्यासारखं नाही असं तरी कुठे आहे? १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट उघडली. हे सगळं भाषणात आणि फलकावर आहे. पण मिठागर आणि भातशेती गेल्यावर गावातली माणसं कशावर हसली, हे फक्त त्या नकलाकाराकडे आहे. साडेबारा टक्क्यांच्या फायलीसाठी खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्याची तो जी नक्कल करतो, तिच्यावर मांडवातले सत्तरीचे पुरुष डोळे पुसत हसतात.

इथल्या गोष्टींनी मी भारावून जाते असं मात्र नाही. २०२० साली ‘वॉटस्टॅक्स’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला, पण फिल्मने कुणाचं भाडं भरलं नाही. शिवाय आयझॅक हेजची शेवटची गाणी दुसऱ्या कंपनीच्या हक्कामुळे मूळ फिल्ममधून काढावी लागली. ती परत जोडायला तीस वर्षं लागली. म्हणून पुतणीला माझं सांगणं आहे: प्रत्येक धवलारणीची लेखी परवानगी घे, तिला पैसे दे, तिचं नाव पूर्ण लिही, ‘गावातील महिला’ असं लिहू नकोस. आणि नक्कल ठेवायची की नाही हे नकलाकाराला विचार, कारण उद्या दारात कुणी आलं तर ते त्याच्या दारात येतील, माझ्या नाही. एवढ्या लांबून कुणाला धीर धर म्हणायचा हक्क मला नाही, हे मी रोज स्वतःला बजावते.

पण तुझ्या फिल्ममधल्या म्हाताऱ्या धवलारणीचा हशा कापू नकोस. मागच्या आठवड्यात तू पाठवलेल्या तुकड्यात ती धवला म्हणताना नकलाकाराकडे बघते, ओळ विसरते, तोंडाला पदर लावते, आणि मागच्या बायका तिची ओळ पुरी करतात. तो तुकडा आहे तसाच ठेव.