लघवी लाल झाली म्हणून गोळ्या बंद? त्या ‘महारोग’ मेसेजला उत्तर

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर सध्या महारोगाबद्दल, म्हणजे कुष्ठरोगाबद्दल, एक मेसेज फिरतोय. मथळा ‘सावधान! सीमाभागात महारोग परत आलाय’, खाली बोटं झडलेल्या हाताचा फोटो, आणि मग सहा ‘सत्यं’. हा रोग शिवल्याने होतो. तो घराण्यात उतरतो, तेव्हा सोयरीक करताना चौकशी करा. बाहेरचे मजूर तो घेऊन येतात. दूध आणि मासे एकत्र खाल्ले की पांढरे डाग पडतात, तीच त्याची सुरुवात. सरकारी गोळ्यांनी लघवीवाटे रक्त जातं आणि अंग काळं पडतं. आणि अशा माणसाला वेगळं ठेवायची, त्याच्यापासून घटस्फोट घ्यायची मुभा कायद्यानेच दिलीय. शेवटी ‘आरोग्य खात्याकडून जनहितार्थ’. कुठलं खातं, कुठल्या जिल्ह्याचं, काही पत्ता नाही.

एरवी असलं काही आलं की मी वाचतही नाही. पण हे माझ्या मामीपर्यंत पोचलं. मामेभावाच्या पाठीवर आणि दंडावर चट्टे होते, आशाताईंनी ओळखले, तालुक्याला तपासणी होऊन गोळ्या सुरू झाल्या. पोरगा निमूट खात होता. मग मामीचा फोन आला, ‘बाळ, बंद करू काय रे त्याच्या गोळ्या? लघवी लाल होतीया म्हणतोय.’ मागाहून कळलं की त्याची पितळी आणि तांब्यापण वेगळा काढलाय.

म्हणून आधी गोळ्यांचंच. कारण सहांतला हा एक मुद्दा माणसाला आयुष्यभराचं अपंग करू शकतो.

गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन बघा. एक पाकीट 28 दिवसांचं. पहिल्या दिवसाचा डोस मोठा, तो आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, त्यात रिफाम्पिसिन असतं. बाकीचे 27 दिवस मामेभावाला क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. रिफाम्पिसिनचा रंगच तांबडा, तो लघवीत उतरतो, घामातही उतरतो. मी मामीला विचारलं, ‘रोज होते काय लाल?’ म्हणाली, ‘न्हाई, नवीन पाकीट फोडतोय त्या दिवशी.’ आता रक्त जात असतं तर ते कॅलेंडर बघून गेलं असतं काय? टीबीच्या गोळ्या खाणाऱ्या कुणालाही विचारा. त्यांच्या गोळ्यांतही हेच औषध असतं, तेही रोज.

अंग काळं पडतं, हे मात्र खरं आहे. नाइलाजाने मान्य करतो. क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळपट होते, कोरडी पडते, चट्ट्यांच्या जागी तर जास्तच. लग्नाच्या वयाच्या पोराला ते लागतं, आणि गावात लपतही नाही. पण गोळ्या संपल्या की काही महिन्यांत रंग हळूहळू निवळतो. मेसेजवाल्याने नेमकं हेच पुढचं वाक्य गाळलंय.

आणि गोळ्या सोडल्या तर काय होतं, ते त्याच मेसेजमधल्या फोटोत दिसतं. हा जंतू बसतो कातडीत आणि मज्जातंतूंत. तंतू मेले की हाताला चटका कळत नाही, पायाला काटा कळत नाही. भाकरी भाजताना तव्याला बोट लागलं तरी बाईला पत्ता नसतो. संध्याकाळी फोड दिसतो, फोडाची जखम होते, जखम चिघळते, आणि असं वर्षानुवर्षं होत राहिलं की बोटं आखडत जातात, हाड आतल्या आत झिजतं. बोटं आपोआप गळून पडत नाहीत. तो हात वेळेत औषध न मिळालेल्या माणसाचा आहे, आणि तो दाखवून हे महाशय लोकांना औषध थांबवायला सांगतायत! जंतू कमी असले तर 6 महिने, जास्त असले तर 12 महिने गोळ्या. फुकट. बारा पाकिटं 18 महिन्यांच्या आत संपवायची असतात, तेव्हा मधे एखादा महिना चुकला म्हणून पाकीट फेकून देऊ नका, केंद्रावर जाऊन सांगा आणि पुढे चालू ठेवा.

आता शिवाशिवीचं. हा जंतू पसरतो तो औषध न घेतलेल्या रोग्याच्या नाका-तोंडातल्या तुषारांतून, तेही महिनोन् महिने जवळ राहिल्यावर. हातात हात दिल्याने, एका पंगतीत जेवल्याने, एसटीत शेजारी बसल्याने नाही. शंभरातल्या पंचाण्णव जणांना तर हा रोग निसर्गतःच होत नाही. औषध सुरू झालं की रोग्यापासून दुसऱ्याला होण्याचा प्रश्नच मिटतो. म्हणजे अख्ख्या गावात ज्याच्यापासून भीती नाही अशी खात्री देता येईल तो माझा मामेभाऊ, आणि पितळी वेगळी काढली ती त्याचीच. घरच्यांना काळजी असेल तर त्यांनी तपासणी करून घ्यावी. चट्टा नसलेल्या घरच्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, तो घ्यावा. भांडी वेगळी करून कुणाचंच काही वाचत नाही.

घराण्यात उतरतो हे तर 1873 सालीच मोडीत निघालंय. नॉर्वेच्या हान्सेनने तेव्हा जंतू दाखवला. एका घरात दोघांना होतो, कारण ते एका छपराखाली राहतात. रक्ताचा संबंध लागत नाही. पण मामेबहिणीसाठी चंदगडकडचं स्थळ आलंय, आणि हा मेसेज हद्द ओलांडून तिकडेही गेला असणार. ज्यांनी पुढे ढकलला त्यांनी एकदा आपल्या पोरीचं नाव घालून वाचावा.

दूध-मासे: त्या हिशोबाने अख्ख्या कोकणाला आणि गोव्याला डाग असायला हवे होते. पांढरेफटक डाग म्हणजे कोड, तो वेगळाच प्रकार, त्याचा जंतूशी संबंध नाही. कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, आणि बहुतेक वेळा तिथे कापूस फिरवला तर कळत नाही. असं असलं तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

मजुरांबद्दल फार लिहीत नाही. खानापूर तालुक्यातली आपली किती पोरं गोव्याला कामाला आहेत? तिकडे आपणच बाहेरचे.

‘परत आलाय’ या शब्दांत मात्र अर्धं तथ्य आहे. 2005 च्या डिसेंबरअखेर दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी उरले, असं देशाने जाहीर केलं. लोकांनी ऐकलं ‘रोग संपला’. तो संपला नव्हता. जगातले निम्म्याहून जास्त नवे रोगी आजही दरवर्षी भारतातच सापडतात. जंतू शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. तेव्हा परत यायला तो गेलाच कुठे होता? गेली ती फक्त त्याची माहिती. मामीच्या गावच्या उपकेंद्राच्या भिंतीवर सगळं नीट लिहिलंय, पण कन्नडात. मामी बाजारात फर्डं कन्नड बोलते, वाचता मात्र येत नाही. मराठीत तिच्या हाती पडला तो हा मेसेज. याचं खापर एकट्या व्हॉट्सॲपवर फोडता येणार नाही.

राहिला कायदा. मेसेजवाला इथे जुन्या वहीतून वाचतोय. होय, इंग्रजांचा 1898 चा कायदा रोग्यांना डांबून ठेवायला सांगत होता. तो 2016 मध्ये रद्द झाला. होय, हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, आणि लाज वाटावी इतकी वर्षं होतं. 2019 साली ते पाच विवाह आणि कुटुंब कायद्यांतून एकदम काढलं. तेव्हा सुनेला माहेरी धाडणाऱ्यांना या कारणावर कोर्टात आता काही मिळत नाही. वेगळं ठेवायची मुभा कुणालाच नाही. उलट सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना बजावलंय की गोळ्या सगळ्या प्राथमिक केंद्रांत फुकट मिळाल्या पाहिजेत, सरकारी असो वा खाजगी, दवाखान्यात रोग्याशी भेदभाव होता कामा नये, आणि जनजागृतीत भीतिदायक चित्रं न वापरता बऱ्या झालेल्या माणसांची चित्रं वापरा. म्हणजे हा मेसेज खरंच कुठल्या खात्याने काढला असता, तर फोटोपाशीच अडकला असता. त्याच निकालात शाळांबद्दलही आहे: कुष्ठरोग असलेल्या घरातलं मूल परत पाठवायचं नाही, शाळा सरकारी असो की खाजगी. कुणी पाठवलंच, तर मुख्याध्यापकांच्या टेबलावर निकालाची प्रत ठेवा. पंकज सिन्हा विरुद्ध भारत सरकार, 14 सप्टेंबर 2018.