गन शो नव्हे, उघड लूट

मी रिलोडिंग करतो, म्हणजे माझी काडतुसे घरीच भरतो, आणि त्याचे सामान घ्यायला गन शोला, म्हणजे बंदुकांच्या बाजाराला जातो. गेल्या शनिवारी ह्यूस्टनजवळच्या अशाच एका शोमध्ये एका टेबलावर सीसीआय कंपनीच्या लार्ज रायफल प्रायमरचे, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसून ठिणगी देणाऱ्या टोप्यांचे, हजार नगांचे खोके दिसले. त्यावर १४० डॉलरची चिठ्ठी होती आणि त्या चिठ्ठीच्या कडेखालून दुसरी, अर्धवट खरवडलेली चिठ्ठी बाहेर आलेली होती, जिच्यावर आमच्याच भागातल्या एका दुकानाचे नाव आणि ७९.९९ हा आकडा स्पष्ट वाचता येत होता. ती जुनी चिठ्ठी धड काढून टाकण्याचीही तसदी त्या गृहस्थाने घेतलेली नव्हती, कारण गिऱ्हाइकाचा धाक असा त्याला उरलेलाच नाही. मी त्या आकड्यावर बोट ठेवून विचारले, की हे खोके तुम्ही ८० डॉलरला घेतलेत ना? त्याने खोके माझ्या हाताखालून ओढून घेतले आणि म्हणाला, "आजचा बाजारभाव हाच आहे. नको असेल तर पुढे व्हा, मागे लोक उभे आहेत."

संतापाचे खरे कारण यापुढे आहे. हा माणूस मला ओळखीचा वाटत होता आणि दोन टेबले पुढे गेल्यावर आठवले, की त्याच आठवड्यात मी त्याला त्याच दुकानाच्या रांगेत पाहिले होते. दुकानदाराने काउंटरवर पाटी लावली होती, की एका गिऱ्हाइकाला एकच खोके मिळेल, म्हणजे आलेला माल थोडा थोडा सगळ्यांच्या वाट्याला येईल. या महाशयांनी बायकोला आणि मोठ्या मुलाला बरोबर आणून तिघांच्या नावावर तीन खोकी उचलली होती, आणि माझा नंबर येईपर्यंत फळी रिकामी झाली होती. म्हणजे जे खोके मला रास्त भावात मिळायचे, तेच शनिवारी माझ्यापुढे ६० डॉलर जास्त लावून मांडले होते. त्या ६० डॉलरांच्या बदल्यात त्याने काय केले? कारखाना काढला नाही, परदेशातून माल आणला नाही, तो सांभाळण्याची कसली जोखीम पत्करली नाही. दुकानापासून गन शोपर्यंत गाडी चालवली, एवढेच त्याचे कर्तृत्व.

बरे, मालाची काही जाण असती तरी मी एक वेळ गप्प बसलो असतो. त्याच ढिगात त्याने साधे २०० क्रमांकाचे आणि जास्त जोराचे मॅग्नम २५० क्रमांकाचे प्रायमर एकत्र रचून ठेवले होते, आणि दोन्हींत काय फरक आहे असे एका तरुणाने विचारल्यावर "दोन्ही रायफलचेच आहेत, काही फरक पडत नाही" असे त्याला बेधडक सांगून टाकले. फरक पडतो. साध्या प्रायमरवर बसवलेल्या, आधीच कमाल मर्यादेला टेकलेल्या दारूच्या मापात मॅग्नम प्रायमर घातला तर बंदुकीच्या चेंबरमधला दाब वाढतो, आणि हे रिलोडिंगच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच लिहिलेले असते. ज्याला हे ठाऊक नाही त्याने प्रायमर विकू नयेत, मोजे विकावेत.

आपण गन शोला का जातो, हे या लोकांना पक्के ठाऊक असते आणि ते नेमके तिथेच आपल्याला धरतात. प्रायमर आणि पावडर, म्हणजे काडतुसात भरायची दारू, घरपोच मागवायची म्हटली की प्रत्येक पार्सलमागे हॅझमॅट, म्हणजे धोकादायक मालाचे, शुल्क लागते, मग त्यात एक पौंड पावडर असो वा आठ पौंडांचा मोठा डबा. ज्याला एखादे खोके आणि एखादा डबा हवा आहे, त्याच्या मालाची किंमत त्या शुल्काने एकदम चढते. सगळ्यांचीच आठ-आठ पौंड घेऊन ठेवण्याची ऐपत नसते आणि घरात किती ठेवावे यालाही मर्यादा आहेत. अग्निसुरक्षेच्या प्रचलित नियमांत घरगुती साठ्यासाठी प्रायमर १०,००० आणि पावडर २० पौंड असे आकडे दिलेले आहेत. म्हणून माणूस शनिवारी सकाळी उठून, पार्किंगचे पैसे वेगळे आणि प्रवेशाचे वेगळे भरून तिथे जातो. दुकानातल्या भावावर विक्रेत्याने पाच-दहा डॉलर चढवले तर माझी काहीही तक्रार नाही, कारण त्याने टेबलाचे भाडे भरलेले असते, दोन दिवस उभा राहिलेला असतो, आणि माझे हॅझमॅट शुल्कही वाचलेले असते. रास्त भाव म्हणजे फुकट नव्हे, हे मलाही कळते. पण पाऊणपट चढवणे याला नफा म्हणत नाहीत.

पावडरची कथा तर याहून भयंकर आहे. माझ्या ६.५ क्रीडमूर रायफलला हॉजडन कंपनीची एच ४३५० ही पावडर चांगली मानवते आणि ती निम्म्या टेक्सासला हवी असते. ही पावडर ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मलवाला इथे बनते आणि तिथून जहाजाने येते, त्यामुळे ती मधूनच नाहीशी होते. युक्रेनच्या युद्धापासून तोफगोळ्यांसाठी नायट्रोसेल्युलोजची जगभर ओढाताण चालली आहे आणि पावडरचे भाव चढले आहेत, हेही मला मान्य आहे. कारखान्यावर माझा राग नाही. माझा राग त्या टेबलावरच्या डब्यावर आहे, ज्याच्या तोंडाचे सील तुटलेले होते, मूळ लेबल निघालेले होते, आणि ज्याच्यावर जाड मार्करने "४३५०" एवढेच लिहून ९५ डॉलर मागितले जात होते. कोणते ४३५०? हॉजडनचे की आयएमआरचे? त्या दोन्ही पावडरी नावाने जुळ्या असल्या तरी एकीचे माप दुसरीला चालत नाही. डबा उघडून पाहावे तर आत पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे करावेत तसे करडे दाणे, आणि निम्म्या रायफल पावडरी तशाच दिसतात. पावडर मूळ डब्यातच ठेवावी हा या छंदाचा पहिला नियम आहे, कारण चुकीची पावडर भरलेले काडतूस गालापासून चार बोटांवर फुटते. मी हे सांगितल्यावर विक्रेत्याने खांदे उडवले आणि "डबा जवळजवळ भरलेला आहे" असे उत्तर दिले. रिकामा असता तर निदान कोणाचा डोळा तरी वाचला असता.

या लोकांना ही चटक एका दिवसात लागलेली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाल्यानंतर सगळ्या देशाने घाबरून खरेदी सुरू केली, तेव्हा २० डॉलरला मिळणारे .२२ काडतुसांचे पाचशेचे खोके याच टेबलांवर ६० आणि ७० डॉलरला विकले गेले, आणि लहान मुलांना नेम शिकवणाऱ्या क्लबांना सरावाला गोळ्या मिळेनात. २०२० मध्ये महामारी आली, त्याच वर्षी बंदुका आणि काडतुसे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीचे दिवाळे निघाले, आणि त्याआधी हजारी ३०-३५ डॉलरला मिळणारे प्रायमर १५० आणि २०० डॉलरवर नेऊन ठेवले गेले. टंचाई ओसरली, फळ्या पुन्हा भरू लागल्या, दुकानांतले भाव उतरले, पण या टेबलांवरचे भाव मात्र चढलेल्या जागीच चिकटून बसले. टंचाईत सगळ्यात वरचा जो आकडा पाहिला असेल, तोच यांच्या लेखी कायमचा बाजारभाव.

विकतानाची ही तऱ्हा, आणि विकत घेताना याच्या नेमकी उलट. मागे एका शोमध्ये एक वयस्क बाई दिवंगत नवऱ्याचे सगळे रिलोडिंगचे सामान ढकलगाडीवर घालून दारातून आत आल्या होत्या. काडतुसे दाबून तयार करायचा हिरवा रॉक चकर प्रेस, तराजू, पावडर मेजर, डायच्या, म्हणजे प्रेसमध्ये बसवायच्या साच्यांच्या, पाच-सहा डब्या, आणि प्रत्येक डबीत नवऱ्याच्या बारीक अक्षरातली मापांची नोंद. दाराजवळच्या टेबलवाल्याने त्यांना आत पाऊलही टाकू दिले नाही. आता असले जुने सामान कोणी घेत नाही, मी उपकार म्हणून ठेवून घेतो, असे म्हणून त्याने सगळ्याचे मिळून ७५ डॉलर त्यांच्या हातावर ठेवले आणि त्या बाई आभार मानून निघून गेल्या. मी शोमधून परत निघालो तेव्हा त्यातला एकटा प्रेस त्याच टेबलावर १६५ डॉलरची चिठ्ठी लावून उभा होता, डाय वेगळ्या मांडल्या होत्या, आणि त्या दिवंगत नवऱ्याच्या हस्ताक्षरातल्या नोंदी टेबलाखालच्या कचऱ्याच्या पिशवीत पडल्या होत्या. तो प्रसंग आठवला की माझे डोके अजून फिरते.

वापरलेल्या रायफलींच्या टेबलांवर वेगळी तऱ्हा असते. चिठ्ठीच नसते. किंमत विचारली की "तुम्ही काय द्याल?" असा उलट प्रश्न येतो, म्हणजे आधी आपले कपडे, बोलण्याचा हेल आणि आपण कुठले आहोत हे पाहून मग आकडा ठरतो. मला ही पद्धत मनापासून घृणास्पद वाटते. वस्तू विकायला मांडली असेल तर तिच्यावर भाव लिहा. आकडा महाग का असे विचारले, की फोनवर लिलावाच्या साइटवरची कोणाची तरी जाहिरात दाखवतात, ज्यात कोणी तरी ११०० डॉलर मागितलेले असतात. मागायला काय, कोणीही काहीही मागेल. तशी रायफल प्रत्यक्षात कितीला विकली गेली, याची यादीही त्याच साइटवर असते, पण ती उघडून दाखवा म्हटले की यांचा फोन बंद पडतो. जुन्या रेमिंग्टन ७०० रायफलची नळी आतून कशी आहे हे पाहण्यासाठी बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, काढता येईल का, असे विचारले तर सुरक्षेची प्लॅस्टिकची पट्टी तोडता येत नाही म्हणून नकार मिळतो. पट्टी असावीच, त्याबद्दल वाद नाही. पण बोल्ट बाहेर काढून, पट्टी नळीतून ओवून तीच सुरक्षा ठेवता येते, आणि शेजारच्या टेबलावरच्या भल्या म्हाताऱ्याने तसेच केलेले होते.

त्या शनिवारी आमच्या मराठी मंडळातला एक तरुण मुलगा बरोबर होता. नुकतेच ग्रीन कार्ड हाती आलेले आणि पहिली .२२ रायफल घ्यायची म्हणून उत्सुक. पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक मिळवल्यापासून त्याच्या डोक्यात नेमबाजीने घर केले आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. त्याला एकाने वापरलेली रुगर १०/२२ दाखवली, वर स्वस्तातला प्लॅस्टिकचा स्कोप बसवलेला, आणि ४२५ डॉलर सांगितले. "काका, तो म्हणतोय की आज नाही घेतली तर दुपारपर्यंत जाईल," असे सांगत तो मला शोधत आला. मी विचारले, की ४२५ म्हणजे सगळे मिळून का? तर ते रोखीचे होते. कार्डाने दिले तर चार टक्के वर, पार्श्वभूमी तपासणीचा अर्ज भरायचे २५ डॉलर वेगळे, आणि विक्रीकर त्याहून वेगळा. ज्या सरकारी तपासणीसाठी विक्रेत्याला केंद्राकडे एक छदामही भरावा लागत नाही, त्या एका फोनचे पंचवीस डॉलर! तीच रायफल, नवीकोरी, हमीसकट, दुकानात याहून कमी पैशांत मिळते. त्या मुलाने ती घेतली नाही, पण अशी कितीतरी मुले घेऊन जात असतील, आणि पहिल्याच खरेदीत फसल्यावर या खेळाबद्दल त्यांच्या मनात काय उरत असेल?

काडतुसांच्या पितळी केसांबद्दल, म्हणजे रिकाम्या पुंगळ्यांबद्दल, तर बोलूच नये असे झाले आहे. "एकदाच वापरलेल्या, साफ करून तयार केलेल्या" अशी पाटी लावलेल्या पिशवीत लष्करी लेक सिटी कारखान्याच्या केसा निघतात, ज्यांच्या प्रायमरच्या खळग्यातला क्रिंप, म्हणजे प्रायमर घट्ट धरण्यासाठी दाबलेली कड, काढलेलाच नसतो. तो काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, आणि मग घरी बसून एकेक खळगा आपणच घासायचा. मग तयार काय केले होते? रेंजवरून झाडून आणलेला माल धुऊन चकचकीत केला, एवढेच. त्याच टेबलावर पारदर्शक पिशव्यांत कोणीतरी घरी भरलेली काडतुसे विकायला ठेवली होती. ना भरणाऱ्याचे नाव, ना पावडरचे, ना मापाचे. असल्या पिशवीला हात लावणाऱ्यांना मी जागच्या जागी अडवतो, आणि विक्रेता डोळे वटारतो त्याची मला पर्वा नाही.

आणि या सगळ्यात मूळ दोष आयोजकांचा आहे. निम्मी टेबले वाळवलेले मांस, टी-शर्ट, चिनी चाकू आणि मसाज यंत्रे विकणाऱ्यांना दिलेली असतात, आणि उरलेल्यांत कोण काय विकतो हे पाहायला कोणी फिरकत नाही. ओक्लाहोमातल्या तुल्साला वर्षातून दोनदा चार हजारांवर टेबलांचा प्रचंड शो भरतो, आणि तिथे आजही असे जुने जाणते लोक भेटतात, जे डायचा सेट हातात देण्याआधी तुमची रायफल कोणती हे विचारतात आणि नसेल जुळत तर घेऊ नका म्हणून सांगतात. म्हणजे हे अशक्य नाही. प्रत्येक वस्तूवर सगळ्या करांसकट भाव लिहिलाच पाहिजे, सील तुटलेली पावडर आणि घरी भरलेली काडतुसे टेबलावर दिसली तर ते टेबल त्याच क्षणी बंद केले पाहिजे, हे दोन नियम दारावर लावायला आयोजकांचा काय खर्च होणार आहे? ते होत नाही तोवर आम्ही रेंजवरची काही मंडळी एकत्र ऑर्डर नोंदवून हॅझमॅट शुल्क वाटून घेणार आहोत, आणि दारात १५ डॉलर मागणाऱ्यांना ते आमच्याकडून मिळणार नाहीत.