मोर्चा मोबाईलमधून निघालेला नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार वेळा आला. एकदा माहेरच्या ग्रुपवर, एकदा शाळेतल्या जुन्या मैत्रिणींकडून आणि दोनदा इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर. मेसेज थोडक्यात असा: 'अमेरिकेत शाळकरी पोरं वर्ग सोडून काळ्या-गोऱ्याच्या नावाने मोर्चे काढतात. हे सगळं मोबाईलचं खूळ. पूर्वीची मुलं निमूट शिकायची, आताची व्हिडिओ बघून पेटतात. शिक्षकच त्यांना फूस लावतात आणि जे प्रामाणिक शिक्षक आहेत ते या प्रकाराला कंटाळले आहेत. आपण यात पडू नये, हे त्यांचं आपसातलं भांडण आहे.' खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. या मेसेजमधला एक शब्द अगदी खरा आहे: कंटाळले. शिक्षक वैतागलेले आहेत, मीही आहे. म्हणूनच हा मेसेज पुसून गप्प बसणं मला जमेना. आमच्या वैतागाच्या आडून तो भलत्याच गोष्टीला बदनाम करतो आहे.

'पूर्वीची मुलं निमूट शिकायची' इथून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच आहे.

व्हर्जिनिया राज्यात फार्मव्हिल नावाचं गाव आहे. तिथली कृष्णवर्णीय मुलांची शाळा बांधली होती १८० मुलांसाठी आणि १९५१ साली तिथे साडेचारशेच्या वर मुलं कोंबलेली होती. जागा पुरेना म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. पावसात त्या गळायच्या. थंडीत शेगडीजवळची मुलं घामाघूम आणि कोपऱ्यातली अंगात कोट घालून कुडकुडत बसलेली. बार्बरा जॉन्स तेव्हा १६ वर्षांची होती. २३ एप्रिलला मुलांनी मुख्याध्यापकांना एका खोट्या फोनने गावात पाठवलं, मुख्याध्यापकांच्या नावाची चिठ्ठी वर्गावर्गांत फिरवून सगळ्यांना सभागृहात जमवलं आणि पडदा उघडला तेव्हा मंचावर बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप जाहीर केला. दोन आठवडे शाळा बंद राहिली. त्यातून जो खटला उभा राहिला तो पुढे 'ब्राऊन' खटल्यात सामील झाला, म्हणजे ज्या खटल्याने १९५४ साली शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्यात. त्या खटल्यातले बहुतेक फिर्यादी या एका शाळेतले होते. मोबाईल तर सोडाच, टेलिव्हिजनसुद्धा तेव्हा मोजक्या घरांत होता.

दुसरी गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी सांगताना माझाच आवाज बदलतो. अलाबामातलं बर्मिंगहॅम, मे १९६३. मोठी माणसं वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चात गेली की नोकरी जायची, म्हणून चळवळीतले कार्यकर्ते जेम्स बेव्हेल यांनी शाळकरी मुलांना हाक दिली. ती हाक पोचवली कशी? रेडिओवरून. कृष्णवर्णीय वस्तीत ऐकल्या जाणाऱ्या स्टेशनवर निवेदकांनी सांगितलं की आज बागेत पार्टी आहे, येताना दात घासायचा ब्रश घेऊन या. मुलांना बरोबर कळलं. ब्रश तुरुंगात लागणार होता. २ मेच्या सकाळी मुलं वर्गातून उठायला लागली. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी फाटकाला कुलूप लावलं, तर मुलं कुंपणावरून चढून गेली. आणि काही वर्गांत शिक्षिका फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हातात खडू, पाठ वर्गाकडे. मागे बाकं सरकल्याचा आवाज, चपला-बुटांचा आवाज, मग शांतता. वळल्या तेव्हा वर्ग रिकामा. मी कोणाला जाताना पाहिलं नाही, असं त्या खरंच सांगू शकत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुलांवर बंबाचं पाणी सोडलं गेलं, कुत्री सोडली गेली. काही मुलं जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. शाळा मंडळाने हजाराहून जास्त विद्यार्थ्यांना काढून टाकायचा हुकूम काढला. २२ मे रोजी स्थानिक संघीय न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्याच दिवशी वरच्या न्यायालयाने तो फिरवून मुलांना परत शाळेत घेतलं. तेव्हा 'पूर्वीची मुलं' म्हणताना कोणती मुलं डोळ्यांसमोर आहेत, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. आज ज्या मुलांची नावं मी परीक्षेत विचारते ती सगळी वर्ग सोडून गेलेली आहेत.

पुढचा मुद्दा: व्हिडिओ बघून मुलं पेटतात, खरंखोटं कोणाला ठाऊक. यातलं अर्धं मी मान्य करते, पण आधी उरलेल्या अर्ध्याचं बोलू. २५ मे २०२० रोजी मिनिअ‍ॅपोलिसमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून ठेवला आणि ते गेले. पोलिसांनी काढलेल्या पहिल्या पत्रकाचा मथळा होता की पोलिसांशी संबंध आला असताना एका इसमाचा वैद्यकीय कारणाने मृत्यू. मानेवरच्या गुडघ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. आपल्या नात्यातल्या नऊ वर्षांच्या बहिणीला खाऊ घ्यायला दुकानात घेऊन निघालेल्या दार्नेला फ्रेझिअर या १७ वर्षांच्या मुलीने फोन धरून ठेवला नसता, तर कागदावर तेवढंच राहिलं असतं. २० एप्रिल २०२१ रोजी ज्यूरीने त्या पोलीस अधिकाऱ्याला खुनासाठी दोषी धरलं, त्यात तिची चित्रफीत आणि तिची साक्ष दोन्ही होत्या. त्या वर्षी पुलित्झर मंडळाने तिचा खास गौरव केला. म्हणजे इथे खोटं होतं ते सरकारी पत्रक आणि खरा होता तो मोबाईल.

आणि चित्र पाहून लोक उठण्याची ही काही पहिली वेळ नाही. १९५५ साली मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाला हाल करून मारलं, तेव्हा त्याची आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते लोकांनी बघावं, हा तिचा आग्रह होता. 'जेट' मासिकाने ते छायाचित्र छापलं आणि ते घराघरांत गेलं. ही मेमी टिल पुढे शिक्षिका झाली. शिकागोच्या सरकारी शाळांत तिने कितीतरी वर्षं शिकवलं. मुलांच्या अंगात मोर्चा 'येतो कुठून' असं कोणी विचारलं की मला आधी ती आठवते.

आता मान्य करते ते अर्धं. जे पडद्यावर येतं त्यात कचरा खूप असतो. २ जून २०२० रोजी लाखो लोकांनी एकजूट म्हणून इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला आणि 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या आंदोलनाच्याच हॅशटॅगखाली टाकला. परिणाम असा की मोर्चा कुठे आहे, अटक झाली तर वकील कुठे मिळेल, ही कामाची माहिती त्या चौकोनांखाली गाडली गेली. माझ्या वर्गातली मुलंही कुठून तरी आकडे घेऊन येतात. कोणी म्हणतो हे आपल्याला शिकवत नाहीत, दडवतात. मी विचारते, कुठे वाचलंस? तो फोन पुढे करतो. मूळ कागद शोधायला लावते, तेव्हा अर्ध्या वेळेला आकडा चुकीचा निघतो आणि अर्ध्या वेळेला बरोबर. ही मेहनत करून घेणं हे माझं काम आहे, आणि ते मोर्चाविरुद्ध नाही.

'शिक्षकच फूस लावतात.' इथे मला सरळ नकार देता येत नाही, कारण बार्बरा जॉन्सने शाळेच्या अवस्थेची तक्रार केली तेव्हा तिच्या संगीत शिक्षिकेनेच तिला विचारलं होतं की मग तू काही करत का नाहीस? एवढा एक प्रश्न. याला फूस म्हणायचं असेल तर म्हणा, मी याला शिकवणं म्हणते. पण मेसेजमधून असं वाटतं की शिक्षकांना यात काही गमवावं लागत नाही. फार्मव्हिलच्या त्या मुख्याध्यापकांची नोकरी गेली, आणि संप त्यांनी केलाही नव्हता. साउथ कॅरोलायना राज्याने १९५६ साली कायदा केला की सरकारी नोकराला एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सदस्य राहता येणार नाही. सेप्टिमा क्लार्क यांची शिक्षकीत चाळीस वर्षं झाली होती. त्यांनी सदस्यत्व लपवायला नकार दिला. नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेलं. मग त्यांनी प्रौढांसाठी शाळा काढल्या, कारण मतदार व्हायचं तर वाचता-लिहिता येण्याची परीक्षा द्यावी लागे. पहिली शाळा १९५७ साली जॉन्स बेटावर भरली आणि तिथे शिकवायला त्यांनी नेमलं ते एका केशभूषा करणाऱ्या बाईला, बर्निस रॉबिन्सन यांना. शिकलेल्या मास्तराने खाली बघून बोलावं असं त्यांना नको होतं. सावित्रीबाईंच्या राज्यातून आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

आता शिक्षक कशाला कंटाळलेत ते सांगते. प्यू या संशोधन संस्थेने २०२३ च्या शरद ऋतूत शिक्षकांना विचारलं होतं. हायस्कूलच्या ७२ टक्के शिक्षकांनी सांगितलं की मुलांचं मोबाईलमुळे लक्ष उडणं ही वर्गातली मोठी अडचण आहे. मी त्या ७२ मध्ये बसते. माझ्या वर्गाच्या दाराला कापडी खणांची पट्टी टांगलेली आहे, प्रत्येक खणाला नंबर, आत आल्यावर फोन आपापल्या खणात. एक दिवस माझ्या लक्षात आलं की अकरा नंबरच्या खणातला फोन कधी वाजतच नाही. तो जुना, बंद पडलेला फोन होता. खरा फोन मांडीखाली. सप्टेंबर २०२१ मध्ये शाळेच्या स्वच्छतागृहातल्या साबणाच्या पेट्या उखडून टिकटॉकवर दाखवायचं खूळ देशभर पसरलं होतं. तास सोडून दारावर पहारा द्यायची पाळी शिक्षकांवर आली. खूळ म्हणायचं तर त्याला म्हणा. त्यात कोणाच्या न्यायाचा प्रश्न नव्हता.

दुसरा वैताग याहून खोल आहे. २०२१ पासून टेक्सस, ओक्लाहोमा, टेनेसी अशा राज्यांनी वंशभेदाबद्दल वर्गात काय बोलायचं नाही याचे कायदे केले. शब्द असे मोघम की बर्मिंगहॅमचा धडा त्यात बसतो की नाही हे शिक्षकाला कळत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये तसा कायदा झाल्यावर पालकांच्या एका संघटनेने ट्विटरवर जाहीर केलं की कायदा मोडणाऱ्या शिक्षकाला जो पहिला पकडून देईल त्याला ५०० डॉलर. तो कायदा संघीय न्यायाधीशाने मे २०२४ मध्ये मोघम म्हणून रद्द केला, पण मधली तीन वर्षं तिथल्या शिक्षकांनी कशी काढली असतील? इंटरनेटच्या काळात शिक्षक घाबरतो तो याला. एक वाक्य, मागेपुढे कापलेलं, आणि रात्रीपर्यंत तुमचं नाव राज्यभर. माझ्या राज्यात तसा कायदा नाही, उलट कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवावा असा २००२ चा कायदा आहे. तरीही वाक्य उच्चारण्याआधी मी आता क्षणभर थांबते. पूर्वी थांबत नव्हते.

आणि मोर्चा? एवढ्या वर्षांत माझ्या वर्गातून मुलं निषेधासाठी बाहेर पडली ती दोनदा. त्यातल्या एका वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी तास सुरू व्हायच्या आधी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, गैरहजेरी लागली तर लागू दे, पण निबंध आज द्यायचाय, तो आत्ताच देऊन जाऊ का? निबंध तिने दिला. चार पानं, हाताने लिहिलेली. अकरा नंबरच्या खणातल्या फोनाने माझे जितके तास खाल्लेत त्याच्या शंभराव्या भागाइतकाही वेळ या दोन मोर्चांनी खाल्ला नाही.

राहिलं 'त्यांचं आपसातलं भांडण'. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. शंभर वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नावसुद्धा तिकडून घेतलं. पण एवढं लांब जायला नको. आपण इथे आलो कसे? १९६५ पर्यंत भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना इथे कायमचं येऊ देणारा कोटा होता. वंश पाहून माणसं मोजणारी ती पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडली आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या जोरावर झाला. ज्या मुलांच्या अंगावर बंबाचं पाणी आलं त्यांनी आपल्यासाठीही दार उघडलं.

मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकणारे काका १९७१ साली इंजिनिअर म्हणून इथे आले. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, म्हणून ग्रुपवर उत्तर द्यायच्या आधी त्यांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. काका बराच वेळ ऐकत होते. शिस्तीचं त्यांचं म्हणणं त्यांनी सोडलं नाही, मेसेजही अजून काढलेला नाही. पण फोन ठेवताना म्हणाले, 'रविवारी नातीला घेऊन येतो. तिला ती ब्रशची गोष्ट सांग.'