‘निवडणूक आली की बाई पुढे येते’: एका फॉरवर्डला उत्तर

एखादा मंत्री, खासदार किंवा बडा पोलीस अधिकारी लैंगिक प्रकरणात अडकला की दोन-तीन दिवसांत तोच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. नाव आणि पक्ष तेवढे बदलतात. मजकूर साधारण असा: मोठ्या माणसाला संपवायचं असलं की बाई पुढे करतात, खरं असतं तर ती आधीच बोलली असती, नेमकं निवडणुकीच्या तोंडावरच कसं बाहेर येतं, व्हिडिओ तर आता कुणीही बनवतं, आणि शेवटी कोर्टात सगळे सुटतातच. म्हणून ही सगळी प्रकरणं म्हणजे निव्वळ राजकारण.

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर प्रत्येकाला कुठेतरी आधार सापडतो, म्हणूनच तो मजकूर चालतो. ही वाक्यं जोडून जो निष्कर्ष काढलाय, तो मात्र टिकत नाही.

‘नेमकं निवडणुकीच्या तोंडावरच कसं?’

हा सगळ्यांत लाडका मुद्दा, म्हणून आधी हाच घेऊ. आणि उदाहरणही असं घेऊ की ज्यात राजकारण होतं हे कुणीच नाकारत नाही.

कर्नाटकातल्या हासन मतदारसंघात २६ एप्रिल २०२४ ला मतदान होतं. त्याच्या काही दिवस आधी बसस्टँडवर आणि इतर सार्वजनिक जागी पेनड्राइव्ह सापडू लागले. त्यांत होते तेव्हाचे खासदार आणि उमेदवार प्रज्वल रेवण्णा यांचे लैंगिक कृत्यांचे व्हिडिओ. हे माजी पंतप्रधान देवेगौडांचे नातू. पेनड्राइव्ह कुणी टाकले यावरून काँग्रेस, भाजप आणि प्रज्वल यांचा जनता दल (सेक्युलर) म्हणजे जेडीएस अशा तिघांनीही एकमेकांकडे बोटं दाखवली. हासनमधल्या भाजपच्याच एका नेत्याने सांगितलं की या व्हिडिओंबद्दल आपण पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांना डिसेंबर २०२३ मध्येच पत्र लिहिलं होतं. म्हणजे ज्यांना माहीत होतं ते गप्प बसले आणि ज्यांना फायदा होता त्यांनी मुहूर्त साधला. वेळ राजकीय होती. कुणी म्हणत असेल की यात कुठलं राजकारण नव्हतं, तर तो भाबडा आहे.

मतदान होताच प्रज्वल जर्मनीला गेले. ३१ मे ला परतले तेव्हा बंगळूरच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. पुढे खटला उभा राहिला तो पेनड्राइव्ह वाटणाऱ्याच्या हेतूवर नव्हे. होळेनरसीपूरजवळच्या फार्महाऊसवर कामाला असलेल्या एका बाईने साक्ष दिली. त्या फार्महाऊसवर तिची साडी सापडली आणि साडीवरच्या डागांचा डीएनए आरोपीशी जुळला. १ ऑगस्ट २०२५ ला बंगळूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना बलात्काराचे दोषी ठरवलं, दुसऱ्या दिवशी जन्मठेप सुनावली. शिक्षेआधी बोलायची संधी मिळाली तेव्हा प्रज्वल यांनी काय विचारलं असेल? मी खासदार असताना कुणी तक्रार का केली नाही, निवडणुकीच्या तोंडावरच कशी केली. आपला फॉरवर्ड अगदी भर कोर्टात वाचला गेला म्हणा ना.

वेळ कुणी निवडली हा एक प्रश्न, घडलं की नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘राजकारण’ आलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपोआप ‘नाही’ होत नाही. अमेरिकेत जानेवारी १९९८ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी टीव्हीवर सांगितलं की आपल्या नवऱ्याविरुद्ध उजव्यांचं मोठं कारस्थान चाललंय. त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. बिल क्लिंटन यांच्या मागे हात धुऊन लागलेली मंडळी खरोखरच होती. त्याच वर्षी १७ ऑगस्टला त्याच नवऱ्याने टीव्हीवरूनच विवाहबाह्य संबंधांची कबुली दिली. कारस्थानही होतं आणि प्रकरणही होतं.

निवडणुकीच्या वेळेबद्दल आणखी एक. आपल्याकडे पंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठली ना कुठली निवडणूक सतत चालू असते. प्रकरण कधीही बाहेर आलं तरी ते कुठल्या तरी निवडणुकीच्या तोंडावरच येणार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढ्यावर निकाल देता येत नाही.

‘खरं असतं तर आधीच बोलली असती’

बरं, मग ज्या लगेच बोलल्या त्यांचं काय झालं ते पाहू.

१८ जुलै १९८८. चंडीगडमध्ये सरकारी अधिकाऱ्यांची एका घरी मेजवानी होती. पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी आपला विनयभंग केला, अशी तक्रार रूपन देओल बजाज यांनी ११ दिवसांत, २९ जुलैला दिली. त्या काही साध्यासुध्या बाई नव्हेत, आयएएस अधिकारी. वरिष्ठांकडे गेल्या तर सल्ला मिळाला की मिटवून टाका. पंजाब दहशतवादाने पेटलेला असताना त्याच्याशी लढणाऱ्या माणसाला एवढ्याशा गोष्टीसाठी कोर्टात खेचता, असं तेव्हा उघड बोललं गेलं. १९८९ मध्ये गिल यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तक्रार रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली ऑक्टोबर १९९५ मध्ये. १९९६ च्या जानेवारीत खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं. पुढे तुरुंगवासाऐवजी प्रोबेशन आणि दंड झाला, पण दोष कायम राहिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाची अखेरची मोहोर उमटली २००५ मध्ये. तक्रारीला ११ दिवस, निकालाला १७ वर्षं. आणि आपण विचारतो, उशीर का केला.

दुसरं प्रकरण याहून वाईट. ऑगस्ट १९९० मध्ये पंचकुलात टेनिस खेळणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीचा हरियाणाचे पोलीस महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड यांनी विनयभंग केला. ते तिथल्या टेनिस संघटनेचे अध्यक्षही होते. आठवड्याच्या आत वरपर्यंत तक्रार गेली. राज्याच्या पोलीस महासंचालकांनी स्वतः चौकशी केली आणि सप्टेंबरमध्ये अहवाल दिला: गुन्हा नोंदवा. तो नोंदवला गेला डिसेंबर १९९९ मध्ये, तोही उच्च न्यायालयाने सीबीआयकडे तपास दिल्यावर. मधल्या काळात मुलीला शाळेतून काढलं. तिच्या भावावर गाड्या चोरल्याचे गुन्हे एकामागून एक दाखल झाले. डिसेंबर १९९३ मध्ये तिने आयुष्य संपवलं. आणि राठोड? बढत्या घेत घेत १९९९ मध्ये राज्याचे पोलीस महासंचालक झाले.

त्या दहा वर्षांत हरियाणात हुकुमसिंग, भजनलाल, बन्सीलाल, ओमप्रकाश चौटाला अशी एकमेकांच्या विरोधातल्या पक्षांची सरकारं आली आणि गेली. हे प्रकरण राजकीय असतं तर एकाने दाबलेलं दुसऱ्याने उकरून काढायला हवं होतं. तसं झालं नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला राजकारण दिसतं ते फक्त प्रकरण बाहेर काढण्यात. मला त्याच्या कितीतरी पट अधिक दिसतं ते प्रकरण दाबण्यात; आणि दाबण्यासाठी पक्षभेद आड येत नाहीत. डिसेंबर २००९ मध्ये शिक्षा सुनावली गेली ती सहा महिने आणि एक हजार रुपये दंड. त्या दिवशी कोर्टाबाहेर येताना राठोड हसत होते, तो फोटो अनेकांना आठवत असेल. पुढे शिक्षा दीड वर्षाची झाली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून, तुरुंगात काढलेला काळ पुरेसा मानला.

लगेच बोललं तर हे, आणि उशिरा बोललं तर अब्रुनुकसानीचा खटला. तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी लैंगिक छळाचे आरोप नाकारले आणि ते करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर खटला भरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडताना म्हटलं की दशकं उलटली तरी बाईला आपली तक्रार कुठल्याही व्यासपीठावर मांडायचा अधिकार आहे. हा अकबर यांच्या दोषाचा निकाल नव्हे, त्याविरुद्ध ते उच्च न्यायालयातही गेले. पण ‘उशिरा म्हणजे खोटं’ हे समीकरण त्या कोर्टाने मान्य केलं नाही, इतकं नक्की.

‘व्हिडिओ तर कुणीही बनवतं’

बनवता येतो, खरंय. म्हणूनच तो न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. मूळ फोन किंवा डिस्क, प्रमाणपत्र, जप्तीचा पंचनामा, सगळं लागतं. प्रज्वल यांनी तर जून २०२३ मध्येच बंगळूरच्या कोर्टातून अनेक माध्यमांविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता, आपल्याविरुद्ध बनावट मजकूर फिरवतील म्हणून. पण एआयला साडीवरचा डीएनए बनवता येत नाही.

या मुद्द्यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. हासनच्या त्या पेनड्राइव्हमध्ये बायकांचे चेहरे उघडे होते. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांनाच गावात तोंड दाखवणं मुश्कील झालं. पेनड्राइव्ह टाकणाऱ्याला त्या बायकांची फिकीर नव्हती, हे फॉरवर्डवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तो गुन्हाच आहे. फक्त तो व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनाही तोच कायदा लागू होतो, आणि ‘हे सगळं राजकारण’ म्हणणाऱ्या ग्रुपांवरही त्या क्लिपा पोचल्या होत्याच.

‘कोर्टात सगळे सुटतात’

सगळे नाही, पण बरेच सुटतात. बलात्काराच्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण गेल्या काही वर्षांत देशभरात बहुतेक वेळा ३० टक्क्यांच्या खालीच राहिलंय. त्याचा अर्थ उरलेल्या तक्रारी खोट्या, असा होत नाही. आपल्या जळगावचंच बघा. १९९४ मध्ये तिथलं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा फोटो काढून मुलींना धमकावल्याच्या कथांनी महाराष्ट्र हादरला. अरविंद इनामदारांसारखा पोलीस अधिकारी तपासाला होता. पण कोर्टात उभं राहायला किती मुली पुढे येणार? जळगावची मुलगी म्हटलं की स्थळं नाकारली जात होती, त्या मुलीचा प्रकरणाशी काडीचा संबंध नसला तरी. साक्षी फिरल्या, खटले ढासळले. त्यावरून ‘काही घडलंच नव्हतं’ असं म्हणायचं धाडस जळगावातल्या कुणाला होईल असं वाटत नाही.

‘मोठ्या माणसाला संपवायला बाई पुढे करतात’

इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष मोशे कात्साव यांनी २००६ मध्ये स्वतःच ॲटर्नी जनरलकडे जाऊन सांगितलं की एक माजी कर्मचारी आपल्याला धमकावून पैसे उकळू पाहतेय. तपास सुरू झाला आणि उलटा फिरला. इतर बायकाही बोलू लागल्या. कात्साव शेवटपर्यंत कटाची भाषा बोलत राहिले. डिसेंबर २०१० मध्ये ते बलात्काराचे दोषी ठरले, सात वर्षांची शिक्षा झाली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. केरळचे माजी मुख्यमंत्री ऊम्मन चंडी यांच्यावर सोलर घोटाळ्यातल्या एका महिलेने लैंगिक शोषणाचा आरोप केला. जानेवारी २०२१ मध्ये, विधानसभा निवडणूक दोन-तीन महिन्यांवर असताना, त्यांच्या विरोधी आघाडीच्या सरकारने तपास सीबीआयकडे दिला. २०२२ च्या अखेरीस सीबीआयने सांगितलं की आरोपाला पुरावा नाही. पुढच्या जुलैत चंडी वारले. त्याच केरळात १९९४ मध्ये इस्रोचं हेरगिरी प्रकरण उभं केलं गेलं, मालदीवच्या बायका आणि शास्त्रज्ञ यांच्या चटकदार कथा महिनोन्‌महिने छापल्या गेल्या, काँग्रेसमधल्या गटबाजीत मुख्यमंत्री करुणाकरन यांची खुर्ची गेली. सगळं खोटं होतं. सीबीआयने १९९६ मध्येच तसं सांगितलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात गोवलेले शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाखांची भरपाई द्यायला लावली. मलेशियात राजकीय नेते अन्वर इब्राहिम यांना लैंगिक आरोपांखाली दोनदा तुरुंगात टाकलं. २०१८ मध्ये राजाने माफी दिली, २०२२ मध्ये ते पंतप्रधान झाले.

ही तिन्ही प्रकरणं एकत्र ठेवली की काही तरी लक्षात येतं. तिन्हींत सरकारी यंत्रणा आरोपाच्या बाजूने होती. पोलिसांना गुन्हा नोंदवायला कुणी आडकाठी केली नाही, उलट ते घाईत होते. राठोड आणि गिल प्रकरणात नेमकं उलट: गुन्हा नोंदवून घ्यायलाच किंवा तो टिकवायलाच वर्षं गेली. हा काही नियम नव्हे. प्रज्वल प्रकरणात राज्य सरकार विरोधी पक्षाचं होतं आणि तरी आरोप सिद्ध झाले. पण शंका घ्यायचीच असेल तर बाईच्या पत्रिकेऐवजी पोलीस ठाण्याच्या डायरीपासून सुरुवात करावी.

आणखी एक प्रकार आहे, तो या भांडणात हरवतो. १९७८ मध्ये संरक्षणमंत्री जगजीवनराम यांच्या मुलाचे एका तरुणीबरोबरचे फोटो मेनका गांधी संपादक असलेल्या मासिकाने छापले. आपल्याला पळवून नेऊन ते काढले गेले असं मुलाचं म्हणणं होतं. बाबूजींचं पंतप्रधानपद त्यात गेलं, असं आजही मानतात. फोटो होते, हेतू राजकीय होता, पण त्यात देशाने दखल घ्यावी असा बापाचा गुन्हा कोणता? दोन सज्ञान माणसांचं खासगी आयुष्य आणि अत्याचार यांना एकाच ‘सेक्स स्कँडल’मध्ये कोंबलं की अत्याचारी माणूस ‘माझं खासगी आयुष्य’ म्हणून सुटू पाहतो, आणि ज्याने काही केलं नाही तो बदनाम होतो.

प्रज्वल यांचं अपील कर्नाटक उच्च न्यायालयात गेलंय. तिथे ती साक्ष, ती साडी आणि प्रयोगशाळेचा अहवाल पुन्हा तपासला जाईल. निकाल टिकला तरी त्यांवर, फिरला तरी त्यांवरच. पेनड्राइव्ह बसस्टँडवर कुणी नेऊन टाकले, हा तपास वेगळा आहे, आणि तोही झालाच पाहिजे.