चिमटा कोणाच्या हाती

मॉन्तेरेत आपल्या घरी कार्ने असादा, म्हणजे मांस भाजायची पार्टी, ठेवली, की त्या दिवसापुरती यजमानाला घरात कवडीची किंमत राहत नाही. पोलाद, सिमेंट आणि बिअरवर मोठं झालेलं हे उत्तर मेक्सिकोतलं शहर शनिवारी दुपारनंतर धुरात जातं. तो सगळाच कारखान्यांचा नसतो. परसापरसांत जाळ्या पेटलेल्या असतात. निखाऱ्यांवर मांस भाजायचं आणि ते निमित्त करून मध्यरात्रीपर्यंत उठायचं नाही, एवढाच कार्यक्रम.

यंदा पाळी माझी होती. त्यात पुण्याहून सासूबाई आलेल्या. कट्टर शाकाहारी.

बोलावलं चारला होतं. सहाला पहिली गाडी आली, म्हणजे मंडळी वेळेवर आली. प्रत्येकाने प्रत्येकाच्या गालाला गाल लावला. सासूबाई आधी नमस्काराचे हात जोडून उभ्या राहिल्या. तिसऱ्या पाहुणीनंतर त्यांनी आपणहून गाल पुढे केला.

मग कोळसा. इथे तो मेस्कीतेचाच लागतो. हे झाड म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं चुलत भावंड. सोलापूरकडच्या आमच्या मामांची उमेदीची वर्षं बांधावरची वेडी बाभूळ उपटण्यात गेली. इथे मी तिच्या भावकीचे कोळसे पैसे मोजून आणतो, आणि पाहुणे पिशवी हुंगून म्हणतात, “वा, इन्हे, माल चांगला आहे!” (इन्हे म्हणजे इंजिनिअर. या शहरात नाव लक्षात नसलं की सरळ इन्हे म्हणतात आणि दहातल्या सहा वेळा ते बरोबर निघतं.)

कोळसा पेटवण्यात घराणी आहेत. एक घराणं तेलात बुडवलेल्या कागदी रुमालांचं. दुसरं बाटलीभोवती वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या रचून, बाटली काढून घेऊन मधल्या धुराड्यात काडी टाकणारं. तिसरं बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणणारं. त्याला बाकीचे दोघे हसतात, पण ड्रायर परत पाठवत नाहीत. मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो. इतक्यात शेजारच्या कोंपाद्रेने, म्हणजे जिगरी दोस्ताने, “जरा बघू” म्हणून माझ्या हातातला चिमटा घेतला.

तो गेला तो गेलाच.

चिमटा हातात असलेला माणूस हा त्या संध्याकाळचा राजा. त्याने अर्धा कांदा काट्यात खुपसून तापलेली जाळी घासली आणि सगळे गप्प झाले. मग वाद सुरू झाला. मीठ भाजण्याआधी की नंतर? मांस बिअरमध्ये मुरवायचं की नुसतं जाडं मीठ? एका गोष्टीवर मात्र एकमत: तुकडा एकदाच उलटायचा. पाहुण्यांनी आपापलं अराचेरा, म्हणजे भाजायचे बीफचे पातळ लांब तुकडे, आणलं होतं, मी बोकडाचं आणि कोंबडीचं मांस आणलं होतं. कोंबडीकडे कोंपाद्रेने भाजीकडे बघावं तसं बघितलं आणि ती कडेला सरकवली.

मला काम उरलं बर्फाचं. पाच किलोची पिशवी आणायची, ती फोडेपर्यंत कोणीतरी ओरडायचं, “इन्हे, बर्फ संपला!” माझ्याच पार्टीतला बराचसा वेळ मी कोपऱ्यावरच्या दुकानात काढला. दुकानदार मला शेवटी जेवलास का म्हणून विचारू लागला.

सासूबाईंसाठी एक मावशी मोठ्या मायेने फ्रिहोलेस चारोस घेऊन आल्या. घेवड्याची झकास रस्सेदार उसळ. “यात मांस नाही ना?” मी विचारलं. “छे! थोडं बेकन. आणि चोरिसो. चवीपुरतं.” (चोरिसो म्हणजे डुकराचं मसालेदार सॉसेज.) मैद्याच्या पोळ्यांत डुकराची चरबी निघाली. उरलं काय, तर निवडुंगाची पानं, पातीचे गड्डेदार कांदे, मक्याच्या पोळ्या आणि चीज. राजधानीहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, “केसादिया चीजची करू की बिनचीजची?” (केसादिया म्हणजे पोळीची भरलेली घडी. राजधानी सोडून बाकी सगळीकडे तिच्यात चीज असतंच.) त्यावर मॉन्तेरेकरांनी त्याला जे सुनावलं ते मी सासूबाईंना भाषांतरित करून सांगितलं नाही.

मिरचीची भीती मला नव्हती. निखाऱ्यावर फोड येईपर्यंत भाजलेल्या सेरानो मिरच्या लिंबू-मिठात घोळून आल्या. “अजिबात झोंबत नाही,” म्हणाले. इथल्या माणसाच्या या वाक्यावर विश्वास ठेवू नये. सासूबाईंनी एक अख्खी खाल्ली, दुसरी मागितली, आणि त्या क्षणापासून जाळीजवळची खुर्ची त्यांची झाली. निवडुंगासाठी त्यांनी जाळीचा कोपरा वेगळा मागून घेतला. कोंपाद्रेने तिथे अॅल्युमिनियमचा कागद अंथरून दिला. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती, पण मीठ या विषयावर दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

अकराला मंडळी निघाली. म्हणजे उठून उभी राहिली. फाटकापाशी तिग्रेस आणि रायादोस या इथल्या दोन संघांचा विषय निघाला, आणि फुटबॉलचा विषय निघाला की या शहरात सख्खे भाऊही दोन बाजूंना जातात. कोंपाद्रेने हात मोकळे असावेत म्हणून चिमटा जाळीवर ठेवला आणि तिकडे धावला.

निखारे अजून लाल होते. मी इकडेतिकडे बघितलं, चिमटा उचलला, एक मक्याची पोळी टाकली. कड जरा फुगली तशी उलटायला गेलो.

“थांबा, जावईबापू,” मागून आवाज आला. “एकदाच उलटायची असते. द्या इकडे.”