लाइव्ह जायचंय? मग थांबा जरा

लाइव्ह जाण्याइतकी रेंगाळणारी गोष्ट जगात दुसरी नसेल. मला बुद्धिबळातल्या घोडा-प्याद्याच्या एंडगेमबद्दल, म्हणजे मोजक्याच सोंगट्या उरल्यावरच्या शेवटच्या खेळाबद्दल, तासभर बोलायचं होतं, बस्स. बोर्ड दिसावा, कोपऱ्यात मी दिसावी, कोणी काही विचारलं तर उत्तर देता यावं. भाचा म्हणाला, "आत्या, ओबीएस टाक, फुकट आहे, सगळे तेच वापरतात." ओबीएस म्हणजे कॅमेरा आणि स्क्रीन एकत्र करून लाइव्ह पाठवणारं सॉफ्टवेअर. दोन्ही खरं आहे. २०१२ साली ह्यू बेली नावाच्या प्रोग्रॅमरने हे सुरू केलं, कोड खुला ठेवला आणि तेव्हापासून कोण कुठले लोक त्यात भर घालतायत. वॉटरमार्क नाही, जाहिरात नाही, ट्रायल संपत नाही. म्हणजे वैताग आला तरी पैसे परत मागायची सोय नाही, नुसतं मनातल्या मनात चरफडायचं.

पण ओबीएस नंतर, आधी व्हिडिओ प्लॅटफॉर्म. तिथे फोन नंबर व्हेरिफाय करा, मग लाइव्ह चालू करण्यासाठी अर्ज केल्यासारखं बटण दाबा, मग मेसेज येतो की पहिल्यांदा करताय ना, तर २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. आत्ता या क्षणी लोकांसमोर यायचंय म्हणून उद्यापर्यंत थांबा. यामागे काहीतरी सुरक्षेचं कारण असणार आणि ते योग्यही असणार, पण उत्साह ही चीज २४ तास टिकत नाही हो, निदान माझा तरी.

दुसऱ्या दिवशी ओबीएस उघडलं तर समोर भलंमोठं काळं मैदान आणि खाली छोट्या छोट्या चौकटी, सीन्स (म्हणजे पडद्यावरच्या मांडण्या), सोर्सेस, ऑडिओ मिक्सर. सोर्स म्हणजे कॅमेरा, स्क्रीन, फोटो, जे काय दाखवायचं ते, आणि यादीत जो वर तो चित्रात पुढे. मी आधी कॅमेरा टाकला मग बोर्ड टाकला, तर बोर्ड माझ्यावर येऊन बसला आणि मी गायब. हे एकवेळ समजतं. पण बोर्डाऐवजी नुसता काळा आयत दिसायला लागला तेव्हा मात्र डोकं चालेना. भाच्याला फोन. तो म्हणे लॅपटॉपला दोन ग्राफिक्स चिप असतील, एक साधी एक तगडी, स्क्रीन एकीवर चालते आणि ओबीएस दुसरीवर, म्हणून दोघांना एकमेकांचं दिसत नाही. एकाच घरात राहून तोंड न बघणारे लोक मी पाहिलेत, पण चिपासुद्धा? शेवटी विंडो कॅप्चरमध्ये जाऊन कॅप्चर मेथड बदलायची होती, एवढंच. ते ड्रॉपडाउन तिथे आहे हे ज्याला माहितीये त्याला पाच सेकंदांचं काम, आणि ज्याला माहिती नाही त्याची अख्खी संध्याकाळ.

मधे एकदा कंटाळून मी अख्खी स्क्रीन कॅप्चर करायला लावली. तर स्क्रीनवर ओबीएस, ओबीएसमध्ये स्क्रीन, त्या स्क्रीनमध्ये परत ओबीएस, असा आत आत जाणारा बोगदा तयार झाला आणि माउस हलवला की बोगद्यातले सगळे माउस एकामागोमाग एक शिस्तीत हलायचे. मी बराच वेळ तेच बघत बसले. खरं सांगायचं तर आख्ख्या सेटअपमधला तेवढाच भाग आनंदाचा होता.

मग स्ट्रीम की. ही एक लांबलचक निरर्थक अक्षरांची माळ असते, ती प्लॅटफॉर्मवरून कॉपी करायची आणि ओबीएसमध्ये चिकटवायची. ती ज्याच्या हातात तो तुमच्या चॅनेलवरून लाइव्ह जाऊ शकतो, म्हणून ती कोणाला दाखवायची नाही, आणि हे बजावून सांगणाऱ्या भाच्यानेच वर विचारलं, "आत्या, स्क्रीनशॉट पाठव ना, बरोबर टाकलीस का बघतो." म्हटलं नाही पाठवत जा.

सेटिंगमधली आकडेमोड वेगळीच. भाच्याचा आग्रह १०८० पी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्र, आणि सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं. अरे पण माझा उंट काय सेकंदाला ६० फ्रेम धावतो का? एका खेळीनंतर दुसऱ्या खेळीपर्यंत बोर्ड जागचा हलत नाही, हलते ती फक्त कोपऱ्यातली मी, आणि मी जितकी कमी स्पष्ट दिसेन तितकं बरं. मी ७२० पी आणि ३० वर ठाम राहिले. शिवाय इंटरनेटच्या प्लॅनवर मोठ्या अक्षरात जो स्पीड लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा, आणि लाइव्हला लागतो अपलोडचा, तो बारीक अक्षरात असतो आणि तसाच बारीक असतो. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वर पाठवायचा तो आकडा, अपलोडच्या काठोकाठ ठेवला की घरात कोणीतरी फोटोंचा बॅकअप सुरू करतंच आणि खालच्या पट्टीत ड्रॉप्ड फ्रेम्स, म्हणजे वाटेत गळालेली चित्रं, टक्केवारीसकट वाढायला लागतात. कीफ्रेम इंटरव्हल, म्हणजे दर किती वेळाने एक पूर्ण चित्र पाठवायचं ते, २ सेकंद ठेवा असं प्लॅटफॉर्म सांगतं. ठेवला. का, ते विचारायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

आवाजाचं तर विचारूच नका. मिक्सरमध्ये पट्टी नाचते, हिरवी म्हणजे हळू, पिवळी म्हणजे बोलण्यासाठी ठीक, लाल म्हणजे फाटला. मी शांतपणे बोलले की हिरवी, आणि "प्यादं पुढे ढकललं!" म्हटलं की थेट लाल. बरं, वेबकॅमचा माइक आणि हेडफोनचा माइक दोन्ही चालू राहिल्यामुळे मी विहिरीतून बोलत्येय असं ऐकू येत होतं, त्यातला एक गप्प केला. तर लक्षात आलं की ओठ आणि आवाज जुळत नाहीयेत, आवाज आधी पोचतोय आणि तोंड मागाहून हलतंय. यावर इलाज असतो, सिंक ऑफसेट म्हणून, आवाजाला मिलिसेकंदात उशीर करायचा. आणि तो किती करायचा हे कळण्यासाठी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, रेकॉर्ड करायचं, बघायचं, आकडा बदलायचा, परत टाळी. बंद खोलीतून बराच वेळ एकट्या बाईच्या टाळ्या ऐकू आल्यावर घरच्यांनी दारावर टकटक करून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

शेवटी लाइव्हची वेळ झाली. स्टार्ट स्ट्रीमिंग आणि स्टार्ट रेकॉर्डिंग ही दोन बटणं एकाखाली एक चिकटून का ठेवलीत हा प्रश्न बाजूला ठेवून योग्य ते दाबलं, खाली हिरवा चौकोन उजळला आणि मी ते वाक्य म्हटलं जे लाइव्ह करणारा प्रत्येक जण म्हणतो. आवाज येतोय का?

आता खरी गंमत. तुम्ही बोलता, ते आधी एन्कोड होतं, म्हणजे पाठवण्याजोगं दाबून छोटं केलं जातं, मग वर जातं, प्लॅटफॉर्म त्याचे तुकडे करतं, वेगवेगळ्या क्वालिटीत बनवतं, ते तुकडे लोकांच्या फोनवर साठतात आणि मग वाजतात. नॉर्मल, लो, अल्ट्रा लो असे लेटन्सीचे, म्हणजे लोकांपर्यंत पोचायला लागणाऱ्या उशिराचे, प्रकार निवडता येतात, पण अल्ट्रा लो घेतलं की ज्याचं नेट कच्चं त्याचं चित्र अडकतं, म्हणून मी मधलं घेतलं. पण मधलं घेतलं तरी विचारल्यावर काही सेकंद विश्वात तुम्ही एकट्या. त्या काही सेकंदांत माणूस काय काय करतो! माइकची वायर हलवून बघतो, हेडफोन काढतो, परत घालतो, हॅलो हॅलो करतो, आवाज वाढवतो. मग उत्तरं येतात. एक, "येतोय." दोन, "नाही येत." तीन, "कशाचा?" आणि ज्याने नाही म्हटलं त्याचंच मागून, "सॉरी, माझा फोन म्यूट होता." तोपर्यंत मी आवाज वाढवून ठेवलेला, त्यामुळे आता सगळ्यांचं एकमत, "मॅडम फार मोठा येतोय."

त्यात समोरच्या फोनवर माझीच लाइव्ह चालू, म्हणजे मी जे बोलून झालंय ते मला परत ऐकू येतंय. स्वतःचं मागचं वाक्य ऐकत पुढचं वाक्य बोलून बघा एकदा. फोन उशीखाली गेला.

पण बुद्धिबळ आणि हा उशीर, म्हणजे डिले, यांचं जे काही जमलं ते कशाशीच जमलं नसतं. मी सांगत होते की घोड्याला सगळ्यात जास्त छळतं ते कडेचं प्यादं, कारण बोर्डाच्या मधे घोड्याला आठ घरं मिळतात आणि कोपऱ्यात फक्त दोन. मग विचारलं, आता पांढऱ्याने काय करावं? शांतता. थांबले. अजून शांतता. शेवटी न राहवून मीच घोडा एफ ५ या घरात नेला, पुढच्या खेळ्या दाखवल्या, आणि नवीन प्रश्न विचारला. त्या नव्या प्रश्नाखाली पहिलं उत्तर झळकलं, "घोडा एफ ५". तोवर तो घोडा एफ ५ ला जाऊन, आपलं काम करून, मरूनही गेला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते याला! त्या मुलाला मी शाबासकी दिली, आणि ती त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तो दुसऱ्या प्रश्नाचं साफ चुकीचं उत्तर लिहून बसला होता, त्यामुळे बाकीचे बुचकळ्यात की मॅडम कशाचं कौतुक करतायत. पुढे मी शिकले, म्हणजे प्रश्न विचारून उगाच एखादी गोष्ट सांगत बसायचं, उत्तरं येईपर्यंत. टीव्हीवरचे लोक वार्ताहराला प्रश्न विचारून नुसती मान हलवत का बसतात ते आत्ता कळलं.

शेवटी सगळ्यांचे आभार मानले, स्टॉप दाबलं, हुश्श केलं, आणि चॅटमध्ये पाहिलं तर अख्ख्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न माझ्या हुश्शनंतर आलेला, काळ्याचा राजा आधीच मधे आणून ठेवला तर डाव बरोबरीत सुटतो का? त्याला खेळ्यांसकट नीट लिहून उत्तर दिलं.

रात्री भाच्याचा मेसेज, "आत्या भारी झालं! पुढच्या वेळी वेबकॅमऐवजी चांगला कॅमेरा लावू, फक्त एक कॅप्चर कार्ड लागेल आणि नवीन ड्रायव्हर, बाकी काही नाही."

अजून रिप्लाय केलेला नाही. डिले आहे म्हणावं.