बाण परवान्याशिवाय मिळतो, काळवीट नाही

हुरड्याचा हंगाम सुरू झाला की सोलापूरच्या शेतकरी ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. अमेरिकेतला कुणी गडी जंगलाच्या कडेला छोट्या काळ्या तंबूत बसलाय, समोर हरीण येतं, बाण सुटतो, खेळ खलास. खाली मजकूर: 'बंदूक नको, परवाना नको. कायदा फक्त बंदुकीला आहे. आवाज नाही, जनावराला त्रास नाही. टेक्सासात तर आपलंच काळवीट असं मारतात. अभयारण्याची हद्द घटली, आता आपलं रान आपलं. पीक वाचवा, पुढे पाठवा.' आमच्या चुलत्यांनी तो मलाच पाठवला, कारण मी धनुर्विद्या खेळतो. बाण किती लांब जातो, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यातलं कलम 9 शिकारीला मनाई करतं. हत्यार कुठलं, हे ते विचारत नाही. शिकार म्हणजे काय तेही कायद्यातच लिहिलंय: मारणं, विष घालणं, फास लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं, जखमी करणं, आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं. म्हणजे बाण हुकला तरी गुन्हा होतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं, दंड किमान 25,000 रुपये. धनुष्य विकत घ्यायला परवाना लागत नाही, हे खरं. कोयता घ्यायलाही लागत नाही.

यावर ग्रुपात कुणीतरी सलमान खानला आणतोच: 'ती केस बंदुकीची होती.' उलट आहे. शस्त्र कायद्याखालच्या खटल्यात तो जानेवारी 2017 मध्ये निर्दोष सुटला. पाच वर्षांची शिक्षा एप्रिल 2018 मध्ये झाली ती काळवीट मारल्याच्या खटल्यात. तो त्यावर अपिलात गेला, पण शिक्षा कशापायी झाली हे त्यातून कळतं.

हद्दीचं थोडक्यात उरकतो. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं; कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, ते 1,222 वर आलं. त्यामुळे जमिनीच्या व्यवहारांवरचे निर्बंध गेले असतील, पण कलम 9 अभयारण्याच्या कुंपणाला बांधलेलं नाही. ते तुमच्या सातबाऱ्यावरच्या रानातही लागू आहे.

टेक्सासचं मात्र अर्धं खरं आहे, म्हणून जास्त पटतं. आपलं काळवीट तिकडं एडवर्ड्स पठारावर 1932 मध्ये नेऊन सोडलं. तिकडं ते परकं जनावर, खासगी रँचवर वाढवलेलं, जवळपास शेळ्यामेंढ्यांसारखं मालकीचं. म्हणून त्याच्या शिकारीला वर्षातला कुठलाच काळ बंद नाही. तरीही शिकाऱ्याला परवाना काढावा लागतो. व्हिडिओतलं जनावर तर काळवीटही नाही. फांद्या फुटलेली, दर वर्षी झडणारी शिंगं असलेलं ते पांढऱ्या शेपटीचं हरीण. काळवीटाची पिळदार शिंगं आयुष्यभर तीच राहतात.

आता 'आवाज नाही, त्रास नाही'. इथं मला राहवत नाही. चांगल्या कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला ऐंशी-नव्वद मीटर जातो, आवाज तीनशे चाळीस. तीस मीटरवरच्या जनावराला दोरीचा टणत्कार आधी ऐकू येतो, बाण त्यानंतर पाव सेकंदानं पोहोचतो. तेवढ्यात हरीण पळायला म्हणून खाली दबतं आणि फुप्फुसावर धरलेला बाण पाठीत किंवा मानेत बसतो. मी हे गवताच्या लक्ष्यावर नाही, कॅमेऱ्यावर अनुभवलंय. मार्डीच्या बाजूला चुलत्यांच्या बांधावर कडब्याच्या आडोशाला बसलो होतो, कळप हरभऱ्यात शिरला. पहिल्या शटरला सगळ्या माद्यांच्या माना एकदम वर. दुसऱ्या फोटोत हरभरा होता, हरणं नव्हती.

आणि नेम बरोबर बसला तरी बाण गोळीसारखा आडवं पाडत नाही. पात्याचं टोक आत कापतं, जनावर रक्तस्रावानं मरतं, आणि मरेपर्यंत पळतं. म्हणून तिकडचे जाणते शिकारी बाण सोडल्यावर अर्धा-एक तास जागचे हलत नाहीत. मग रक्ताचे थेंब शोधत निघतात. पोटात बसला तर कित्येक तास. तो व्हिडिओ पुन्हा बघा: बाण लागल्यावर हरीण उडी मारून झाडीत जातं, तिथं कट आहे. पुढच्या दृश्यात ते निपचित पडलेलं. मधला वेळ कापलाय, आणि 'त्रास नाही' हे त्या कापलेल्या वेळेबद्दल लिहिलंय.

तंबूचंही तसंच. तो झाडीच्या कडेला डहाळ्या लावून, आतून काळा ठेवून, जनावराला सवय व्हावी म्हणून काही दिवस आधीच मांडून ठेवायचा प्रकार आहे. आपल्या उघड्या माळावर, नजरेवर जगणाऱ्या काळवीटासमोर तो लग्नाच्या मांडवासारखा दिसेल.

राहिलं पीक. चुलत्यांचा राग खोटा नाही. हरभऱ्याचे शेंडे एका रात्रीत खुडलेले मी पाहिलेत. पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारायची परवानगी त्याच कायद्याचं कलम 11 फक्त दोन कारणांसाठी देतं: तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असेल. तीही मुख्य वन्यजीव रक्षकाकडून, लेखी. पीक खाल्लं, हे कारण त्यात बसत नाही. नुकसानीला वनखात्याची भरपाई आहे. तीन दिवसांच्या आत कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, सातबारा जोडायचा. फोटो त्याच सकाळी काढा, खुराचे ठसे दिसतील असे. दुपारच्या वाऱ्यानं ते बुजतात.